जळगावला बी.ए. (इतिहास) करतेय, उन्हाळ्यात परदेशी उत्खननाला जाता येईल का?

हो, नक्की येईल, आणि बहुतेक ठिकाणी पूर्वानुभवही लागत नाही. इटली, ग्रीस, जॉर्डनमध्ये तिकडच्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टच्या सुमारास 'फील्ड स्कूल' (प्रत्यक्ष खणत उत्खनन शिकवणारी शिबिरं) चालतात. पगार नसतो, उलट फी आपणच भरायची. विमान आणि व्हिसाचा खर्च वेगळा. म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी दिवाळीलाच सुरू करा. इटली-ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांचा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो.

काम पहाटे सुरू होतं, कारण ऊन. (आपल्याकडच्या मुलीला ते वेगळं काय सांगायचं!) थापीने एकेक थर खरवडायचा, माती चाळायची, खापरं धुवायची आणि सगळ्याची नोंद ठेवायची. नोंदीचा कंटाळा करू नका. थर एकदा खणला की तो परत मिळत नाही, उरते ती तुमची वहीच.

जाण्याआधी नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशे मात्र बघून याच. तापी-गोमाईच्या संगमावरची ती पांढरी (जुन्या वस्तीचं टेकाड) 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणली. ताम्रपाषाण काळापासूनची (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरात होती तेव्हापासूनची) वस्ती निघाली. तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावाने तर त्या काळातली अख्खी संस्कृती ओळखली जाते. अर्जात हे लिहा. आपल्या मातीबद्दल बोलणारी विद्यार्थिनी मला तरी निवडावीशी वाटेल.