शस्त्रक्रियेतील इजा आणि तक्रारीची मुदत

तुमच्या पत्नीचे हृदय उजवीकडे, तर यकृत व पित्ताशय डावीकडे आहे. 11 मार्च 2024 रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा झाली, ती 6 एप्रिलला पुण्यातील दुसऱ्या रुग्णालयात कळली आणि नलिका आतड्याला जोडण्यासाठी पुन्हा पोट उघडावे लागले. 27 मार्च 2026 च्या पत्रात तुम्ही विचारता की डॉक्टर दोषी ठरतील का. तक्रार मुदतीत आहे का, हा त्याआधीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजले तर मुदत उलटली आहे. इजा कळल्याच्या दिवसापासून मोजले तर जेमतेम दहा दिवस उरले आहेत. पहिल्या रुग्णालयाचे व्यवस्थापक ‘बिलाचे बघू’ म्हणत राहिले आणि तुम्ही दीड वर्ष हेलपाटे घालत राहिलात. तोंडी आश्वासनांनी मुदत वाढत नाही, हे मी प्रत्येक अशिलाला पहिल्याच भेटीत सांगतो.

पित्ताशयाच्याच शस्त्रक्रियेत पोटात गॉज (रक्त टिपण्याचे जाळीदार कापड) राहिल्याची गोव्यातील एका परिचारिकेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुदतबाह्य ठरवली. शस्त्रक्रिया 1993 ची होती, गॉज 2002 मध्ये सापडला आणि तक्रार 2004 मध्ये झाली. तरीही इतकी वर्षे त्रास होत असताना त्यांनी आधीच तपासणी करून घ्यायला हवी होती, असे न्यायालयाचे मत पडले. तुमची बाजू इथे बरी आहे, कारण डोळे पिवळे दिसताच तुम्ही पुणे गाठलेत. म्हणून 6 एप्रिल 2024 ही तारीख धरून तक्रार आताच दाखल करा आणि खबरदारी म्हणून विलंबमाफीचा अर्जही जोडा.

दोषाबद्दल मी खात्रीने बोलणार नाही. अशा रुग्णात शल्यचिकित्सकाला उजवीकडे उभे राहून, सगळी छिद्रे आरशातल्यासारखी बदलून काम करावे लागते, आणि केवळ इजा झाली म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच्या एक्स-रेवर हृदयाचे टोक ‘आर’ या उजव्या बाजूच्या खुणेकडेच स्पष्ट दिसते, आणि संमतीपत्रात या रचनेचा एक शब्दही नाही. माझ्या मते तक्रारीचा भर यावरच असावा. शस्त्रक्रियेचे टिपण अजून तुमच्याकडे नाही, ते पोच घेऊन लेखी मागा. नियमाप्रमाणे ते 72 तासांत मिळायला हवे, पण त्यासाठी तक्रार थांबवू नका.