गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांनाच औषधांना दाद न देणारा क्षयरोग होतो का?

असे रुग्ण सहसा कोण असतात आणि ते निष्काळजी किंवा व्यसनी असतात हे खरे का, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा भाग माझ्या काकांनी चवथीच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, माझ्या धाकट्या भावाला तोंडावर ऐकवला होता, म्हणून लिहितो.

भावाने त्यापूर्वी क्षयरोगाची एकही गोळी घेतलेली नव्हती. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असताना त्याच्या खोलीतला एक सोबती महिनोन् महिने खोकत असे, आणि त्याला याच प्रकारचा क्षयरोग असल्याचे पुढे कळले. भावाला खोकला लागल्यावर एका खाजगी डॉक्टरांनी थुंकी न तपासताच लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पुन्हा पुन्हा दिले. या औषधाने क्षयरोग काही काळ दबतो, निदान लांबते आणि पुढच्या उपचारातले एक महत्त्वाचे औषध निकामी होण्याचा धोका वाढतो. अखेर थुंकीतले क्षयाचे जंतू तपासणाऱ्या ट्रूनॅट चाचणीत, रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे मुख्य औषध लागू पडणार नाही हे दिसले. ही चाचणी वेर्ण्यातच तयार होते, हा योगायोग तेव्हा कोणाच्या ध्यानातही आला नाही.

देशभरात २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या सर्वेक्षणात, पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी ११.६ टक्के आणि प्रथमच क्षयरोग झालेल्यांपैकी २.८४ टक्के जणांचा रोग आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोन्ही औषधांना दाद देत नव्हता. या दुसऱ्या गटातल्या माणसांनी कधीच न घेतलेली गोळी मध्येच कशी सोडली, हे काकांनी मला अजून सांगितलेले नाही.

लोक ज्यांना अशा रुग्णाची लक्षणे समजतात, त्यांतली बरीचशी उपचाराची देणगी असते. क्लोफाझिमिनने भावाची कातडी काळवंडली, तेव्हा तो दारू पितो अशी कुजबुज झाली. सायक्लोसेरिनने झोप उडाली आणि चिडचिड वाढली, तेव्हा तो भांडखोर ठरला. पूर्वी कानामायसिनची इंजेक्शने देत असत, आणि त्याने कित्येकांना कायमचे बहिरेपण आले.

उपचार अर्धवट सोडल्याने रोग बळावतो आणि जंतू औषधांना निर्ढावतात, हे अर्थातच खरे आहे, आणि वरच्या आकड्यांत पूर्वी उपचार घेतलेल्यांचे प्रमाण चौपट आहे तेही मी नाकारत नाही. मी डॉक्टर नाही, आणि भावाला दीड वर्षाहून अधिक काळ घ्यावा लागलेला उपचार आता पात्र रुग्णांसाठी सहा महिन्यांवर आला आहे. मात्र आपल्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्या सवयींची चौकशी करण्याआधी सोबत राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी, आणि मधुमेही असतील त्यांनी तर अजिबात टाळू नये, कारण मधुमेहात क्षयरोगाचा धोका दुपटीहून अधिक असतो. आमच्या घरी तपासणीला नकार देणारे एकटे काकाच होते, आणि त्यांना मधुमेह आहे.