वाचक विचारतात : गोव्याचा जुना नकाशा, अस्सल आणि नक्कल

प्रश्न : बैठकीच्या खोलीत लावण्यासाठी एका दुकानात जुन्या गोव्याचा रंगीत नकाशा पाहिला. कागद पिवळसर आहे, रुंदी सुमारे अडीच फूट आहे आणि वर लॅटिन मजकूर आहे. हा १५७२ सालचा मूळ छाप असल्याचे दुकानदार सांगतो आणि किंमतही त्याच मानाने मागतो. चौकट न उघडता खरेखोटे कळू शकेल काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चौकट उघडण्याची गरजच नाही, कारण आपण दिलेल्या मापातच उत्तर आहे. १५७२ साल आणि लॅटिन मजकूर यांवरून हे चित्र गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांनी कोलोन येथून प्रसिद्ध केलेल्या नगरचित्रांच्या ग्रंथातले असावे. या ग्रंथाचे सहा खंड १५७२ ते १६१७ या काळात निघाले आणि गोवा पहिल्याच खंडात आहे. मात्र तेथे त्याला स्वतंत्र पान मिळालेले नाही. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील अन्फा (आजचे कॅसाब्लांका) व अझेमूर ही दोन शहरे, आपल्याकडचे दीव आणि गोवा अशी चार चित्रे एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहेत, आणि तो संपूर्ण छापही अर्ध्या मीटरपेक्षा कमी रुंद आहे. म्हणजे मूळ गोवा एखाद्या वहीच्या पानाएवढाच आहे. अडीच फुटी गोवा ही त्याची मोठी करून छापलेली प्रत होय. असे चित्र जवळून पाहिल्यास कोरीव रेषा जाड आणि कडेला किंचित पुसट झालेल्या दिसतील.

योग्य मापाची प्रत समोर आली, तर मात्र परीक्षा थोडी कठीण होते. घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापात प्रत्येक रेषा सलग, काळी आणि कागदावर किंचित उठलेली असते. रंग हाताने भरलेले असल्यामुळे ते कोठे रेषेबाहेर जातात, तर कोठे कमी पडतात. ऑफसेट छपाईत तेच रंग निळ्या, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांच्या जाळीत फुटलेले दिसतात, आणि संगणकीय प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत बारीक विखुरलेला रवा दिसतो. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाने उमटलेली चौकोनी खूण पाहावी असे अनेक जण सांगतात, परंतु ती खूण आज कोऱ्या कागदावरही उठवता येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा कागद उजेडासमोर धरावा. त्या काळच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात. मधोमध घडी असते, कारण हे छाप ग्रंथात बांधलेले होते, आणि पाठीमागे बहुधा शहराची छापील माहिती असते. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला असल्यामुळे तो कागदाला खात जातो आणि पाठीमागे तपकिरी डाग उमटतो. असा डाग चहाच्या पाण्यात बुडवून आणता येत नाही. चहाने येतो तो सगळीकडे सारखा पसरलेला पिवळेपणा, आणि तोच पाहून गिऱ्हाईक फसते.

एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. या चित्राच्या लॅटिन शीर्षकात गोवा १५०९ मध्ये ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचे म्हटले आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर जिंकले ते १५१० मध्ये. चूक मूळ छापातलीच आहे, त्यामुळे तिच्यावरून प्रत बनावट ठरत नाही.

नक्कल म्हणून विकलेली नक्कल घेण्यात काहीच कमीपणा नाही. आमचा आक्षेप वय वाढवून सांगण्याला आहे. दुकानदाराला पावतीवर ‘मूळ छाप, १५७२’ असे लिहून द्यायला सांगावे. बहुतेक वेळा किंमत तेथेच उतरते.

प्रश्न : लिन्शोटेनचा गोव्याचा नकाशा एका परदेशी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मिळाला. तो स्वतः छापून घेतला तर चालेल काय, आणि कोणत्या मापात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली निवड उत्तम आहे. ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी कोलोनमध्ये बसून दुसऱ्यांच्या चित्रांवरून गोवा दाखवला, तर डच प्रवासी यान हुइखेन व्हान लिन्शोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपांचा सचिव म्हणून तेथे सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे निघाले आणि त्यातच हा नकाशा आहे. रस्ते, चर्च, बाजार व मांडवीतील गलबते इतक्या तपशिलाने दाखवणारा त्या काळचा दुसरा नकाशा आमच्या पाहण्यात नाही. पुढे अठराव्या शतकापर्यंत इतर प्रकाशक त्याच आराखड्याची उसनवारी करत राहिले, आणि तोवर खरे शहर रोगराईने ओस पडत चालले होते. तेव्हा नकाशांची नक्कल हा काही आजच्या दुकानदारांचा शोध नव्हे.

इतक्या जुन्या नकाशावर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, तरी ग्रंथालयाने आपल्या छायाप्रतीसाठी काही अटी घातल्या आहेत काय, हे त्याच पानावर वाचावे. घरात लावण्यासाठी बहुधा अडचण येत नाही. मूळ छाप सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आहे आणि प्रतही तेवढीच काढावी; निम्म्या मापात रस्त्यांची नावे वाचता येत नाहीत आणि मग नकाशा केवळ नक्षी होऊन बसतो. दर इंचाला ३०० बिंदू धरल्यास चित्राची रुंदी सुमारे ९,५०० बिंदू असायला हवी, त्यामुळे संकेतस्थळावरची सर्वांत मोठी फाइल उतरवून घ्यावी. चकचकीत फोटो कागद टाळून सुती, बिनचकाकीचा कागद आणि पिगमेंट शाई मागावी. जुनेपणाचा पिवळा रंग मुद्दाम चढवू नये. कागदाचा मूळ रंग छायाप्रतीत आलेलाच असतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात तसबिरींना बुरशी येते. नकाशाचे लॅमिनेशन करावे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करू नये. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि कडेने ओल शिरली की ती आतच राहते. काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची जाड किनार ठेवावी, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. कागद पाठीमागच्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने किंवा डिंकाने पूर्ण चिकटवू नये. फक्त वरच्या दोन टोकांना पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून तो टांगता ठेवावा. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीवर, थेट ऊन येणार नाही अशा ठिकाणी चौकट लावावी आणि तिच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून वारा खेळत राहतो.