अपचय आणि अपचन

प्रश्न असा आहे : एका आरोग्य-पुस्तिकेचा हिंदी मसुदा मराठीत आणताना भाषांतरकार मैत्रिणीने लिहिलं, ‘स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर मधुमेही रुग्णांच्या मांसपेशींतील प्रथिनांचे पचन सुधारते.’ हिंदीत ‘उपापचय’ होतं. संपादकांनी ‘चयापचय’ सुचवलं. तिचं म्हणणं, त्यात ‘अपचय’ म्हणजे अपचनच आलं की. मग सरळ ‘पचन’ का नको?

संपादकांचं बरोबर आहे. अपचय आणि अपचन यांत शेवटचं अक्षर तेवढं वेगळं दिसतं, पण दोघांचं नातं काहीच नाही. अपचन म्हणजे अ + पचन, धातू ‘पच्’, शिजवणे. अपचय म्हणजे अप + चय, धातू ‘चि’, गोळा करणे, रचणे. संचय, समुच्चय ही त्याचीच भावंडं. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे रचलेलं मोडणं. दोन्ही मिळून चयापचय, म्हणजे शरीरात सतत चाललेली ही घडमोड, इंग्रजीतलं ‘मेटाबॉलिझम’. हिंदीने ‘उपचय’ आणि ‘अपचय’ यांतला पहिला ‘चय’ गाळून ‘उपापचय’ केलं. आपला शब्द निदान फोडता तरी येतो.

आता ‘पचन’ इथे का घातक, ते पाहा. स्वादुपिंड दोन कामं करतं : आतड्यात पाचकरस सोडतं आणि रक्तात इन्सुलिन. त्यामुळे ‘प्रथिनांचे पचन’ वाचल्यावर कोणालाही वाटणार, नव्या स्वादुपिंडामुळे डाळ-अंडी नीट पचू लागली. पण प्रत्यारोपण इन्सुलिनसाठी असतं. रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड सहसा काढत नाहीत. ते जागच्या जागी पचनाचं काम करत राहतं. नवं ओटीपोटात बसवतात. त्याच्या पाचकरसाचं करायचं काय, ही तर शल्यविशारदांची डोकेदुखीच होती. एके काळी तो सर्रास मूत्राशयात सोडत. लघवीवाटे जाणारा रस कुणाचं काय पचवणार!

बदल होतो तो स्नायूंत. स्नायूंतली प्रथिनं रात्रंदिवस मोडत आणि नव्याने बनत असतात. इन्सुलिन त्या मोडण्याला लगाम घालतं. ते नसलं की अपचय चयावर मात करतो आणि माणूस वाळत जातो. १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण, चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन, असाच हाडांचा सापळा झाला होता. आणि हा अपचय मोजताही येतो. स्नायूंची प्रथिनं मोडताना ३-मिथाइलहिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल सुटतं. नवं प्रथिन बांधायला शरीर ते पुन्हा वापरत नाही. ते लघवीत उतरतं. ‘पचन’ म्हटलं की हा सगळा हिशेबच वाक्याबाहेर जातो.

‘सुधारते’वरही माझा आक्षेप आहे. काय सुधारलं, रचणं की मोडणं? शिवाय शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून स्टेरॉइड दिली जात असतील, तर ती स्नायूंचा अपचय उलट वाढवतात. एकीकडे नवं इन्सुलिन लगाम घालतंय, दुसरीकडे औषध तो सैल करतंय. ही ओढाताण सांगायला चय आणि अपचय हे दोन सुटे शब्द हाताशी आहेत, ते वापरावेत.

‘मांसपेशी’ही बदला. हिंदीत ती स्नायू, पण मराठी वाचकाला ‘पेशी’ म्हटलं की सूक्ष्मदर्शकाखालची पेशीच दिसते.

लिंगाबद्दल : संचय, परिचय यांच्या चालीवर मी ‘चयापचय मंदावला’ म्हणतो. समाहार द्वंद्व मानून ‘मंदावले’ म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही. एका पुस्तिकेत दोन्ही नकोत, इतकंच.

मी असं लिहीन : ‘स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर शरीरात पुन्हा इन्सुलिन तयार होऊ लागते आणि स्नायूंतील प्रथिनांच्या अपचयाला आळा बसतो, मात्र स्टेरॉइड चालू असतील तर तो पुन्हा वाढू शकतो.’