चिंचेवरची वाघळं: आधी कुणाचं नुकसान होतंय ते बघा

ताई, बारवेजवळच्या चिंचेवरची वाघळं हुसकावायचं गावात घाटतंय, आणि पेंबा बेटावर गावकऱ्यांनी राखली तशी आपल्याकडे राखता येतील का, असं विचारलंत. येतील. पण शाळेत चार भाषणं देऊन नाही.

पेंबा हे टांझानियातल्या झांझिबारचं बेट. तिथलं मोठं फळखाऊ वाघूळ जगात दुसरीकडं कुठंच नाही. जंगल तुटलं, खाण्यासाठी बंदुकीनं शिकार वाढली, आणि 1990 च्या सुमारास ते संपायला आलं होतं. मग वाघळांच्या झाडांजवळच्या गावांनीच मंडळं काढून राखण केली. तिथल्या किडिके या ठिकाणी तर पाहुणे पैसे देऊन वाघळं बघायला जातात. आज ती हजारोंनी आहेत. याउलट मॉरिशस! लिची-आंब्याचं नुकसान होतं म्हणून 2015 पासून सरकारनंच हजारो वाघळं मारली. 2018 साली ती जात धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आणखी धोक्याच्या वर्गात गेली.

म्हणून आधी बागवाल्याकडं जा. केशर आंबा आपण कच्चाच उतरवतो, वाघळाला पिकलेला लागतो. पाड लागूनही झाडावर राहिलेलं फळ, पेरू, चिकू, खरा फटका तिथं. तोडणी वेळेत करा, फळांना कागदी पिशव्या घाला. जाळी लावायची तर ताणून, करंगळी शिरणार नाही इतकी बारीक. सैल नायलॉनमध्ये पंख गुंततो, रात्रभराच्या धडपडीत त्याचा पडदा फाटतो.

वाघळांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या निपाह विषाणूच्या आजाराची भीती घालणारे भेटतीलच. उष्टं फळ खाऊ नका, पडलेल्या वाघळाला उघड्या हातानं शिवू नका, झाडाखालचा हौद झाका. हुसकावली तर गाव सोडून जातीलच असं थोडंच आहे? शाळेच्या पिंपळावर येऊन बसतील. सांधेदुखीच्या तेलासाठी वाघळं पाडणाऱ्यांना मात्र झाडाजवळ फिरकू देऊ नका. 'उपद्रवी' म्हणून मारायची वन्यजीव कायद्यातली जुनी मोकळीकही 2022 च्या दुरुस्तीनं गेली.

मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की ती पंखांनी वारा घेतात, अंग चाटतात, खालच्या फांद्यांवर उतरतात, काही मरूनही पडतात. तेव्हा झाडाखाली गलका नको, फटाके तर नकोतच.

आता मुख्य गोष्ट. चिंच ग्रामपंचायतीची असेल तर दरवर्षी तिचा लिलाव होत असणार. चिंचा झोडपायचा हंगाम नेमका पिल्लं आईच्या पोटाला बिलगलेली असतात तेव्हाचा, आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू. ते एक झाड लिलावातून वगळायचा ठराव ग्रामसभेत मांडा, बुडणाऱ्या पैशाची वर्गणी आधी गोळा करून. झाड खाजगी असेल तर मालकाशी थेट बोला, तोंडी नको, कागदावर.