वाचक विचारतात : वाड्यातलं टीटीचं टेबल

प्रश्न : गावभागातल्या आमच्या वाड्यात लहानपणी मे महिन्याची सुट्टी टेबल टेनिसवरच जायची. ते टेबल 2019 च्या महापुरात भिजलं. एका फळीला फुगे आलेत, दुसरी वाकली आहे. नातवंडांसाठी दुरुस्त होईल का? बॅटीही तेव्हाच्याच आहेत.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : प्लायवुड असेल तर बहुतेक होईल. कडा निरखून बघा. थर दिसले तर प्लाय. भुसा सुटत असेल तर पार्टिकल बोर्ड, आणि तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. त्यावर पैसे घालू नका.

मग टेबल कानानं तपासा. चांगला बॉल 30 सेंटीमीटरवरून सोडा. तो साधारण 23 सेंटीमीटर उसळायला हवा. वीत-वीत पुढे सरकत सगळी फळी अशी ठोकून घ्या. ‘टक्’ असा टणक आवाज आला की जागा ठीक. ‘थप्’ असा बसका आवाज येऊन बॉल खालीच राहिला, तर आत थर सुटलेत. तिथं खडूनं गोल करा, फुग्याच्या मधोमध 2 मिलिमीटरचं भोक पाडा आणि किंचित पातळ केलेलं फेव्हिकॉल इंजेक्शनच्या पिचकारीनं आत सोडा. बोटानं दाबून पसरवा, बाहेर आलेलं पुसा, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि विटा. 24 तास हात लावू नका. भोक शेवटी लांबीनं (पुट्टीनं) बुजवा.

वाकलेली फळी फुगीर बाजू वर करून सपाट फरशीवर ठेवा आणि मध्ये वजन द्या. आठ-दहा दिवस, सावलीतच. उन्हात एक बाजू आधी सुकून आकसते आणि बाक वाढतो. फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवण्याची आपल्याकडची सवयही बाक आणते. अगदी उभ्या ठेवा, आणि पावसाळ्यात माडीवर.

रंग चकचकीत ऑइलपेंटचा नको. त्यावर दिवा चमकतो, बॉल दिसत नाही. 220 नंबरच्या पॉलिशपेपरनं घासून गडद हिरव्या किंवा निळ्या मॅट रंगाचे दोन पातळ हात रोलरनं द्या. ब्रशचे ओघळ राहिले की तिथं बॉल वाकडा उडतो. कडेच्या पांढऱ्या रेघा 2 सेंटीमीटर, मधली 3 मिलिमीटर. उंची 76 सेंटीमीटर, नेट 15.25.

बॅटींचं लाकूड शाबूत असेल तर फक्त रबर बदला. कडक, चकाकणारं रबर धुऊन पुन्हा पकड धरत नाही. हेअर ड्रायरनं कोमट करून सावकाश सोला, नाहीतर लाकडाची सालपटं निघतात. पाण्याचा डिंक लाकडाला आणि नव्या रबराखालच्या स्पंजला लावा, पांढरा थर पारदर्शक झाल्यावरच चिकटवा आणि लाटण्यानं हलकेच फिरवून हवा काढा. घाई केली की मध्ये बुडबुडा राहतो.

प्रश्न : आमच्या वेळी बॉल फुटला की कापरासारखा वास यायचा. आता येत नाही. की मलाच तसं वाटतं? आणि 21 गुणांचा गेम का गेला?
(एक वाचक, विश्रामबाग)

उत्तर : आठवण अगदी बरोबर आहे. जुने बॉल सेल्युलॉइडचे. सेल्युलॉइडचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, तो मऊ करण्यासाठी त्यात खरोखरच कापूर असतो. फुटला, घासला की तो दरवळतो. 2014 पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचे बॉल आले, त्यात कापूर नाही. जुने बॉल ट्रंकेत सापडले तर काडीपेटीपासून लांब ठेवा, सेल्युलॉइड भप्पकन पेटतं. चेपलेला बॉल कपभर गरम पाण्यात दाबून धरा. आतली हवा फुगून पोचा बाहेर येतो. चीर असेल तर नाही येणार.

बॉल 38 मिलिमीटरचा 40 झाला 2000 साली, वेग कमी होऊन रॅली बघता यावी म्हणून. पुढच्याच वर्षी गेम 11 चा झाला आणि पाच-पाच सर्व्हिस जाऊन दोन-दोन आल्या. घरी 21 खेळायला काहीच हरकत नाही. फक्त मुलं क्लबात जाणार असतील तर त्यांना 10-10 नंतर सर्व्हिस एकेक बदलायची सवय लावा. तिथंच ती गोंधळतात.