चौकोन, गोल आणि एक बाण

प्रिय डॉक्टर,

(ही हाक अजून अवघडल्यासारखी वाटत असेल. होईल सवय.)

तुझ्या पत्रात सगळं कोर्सचंच आहे. एम.एस.नंतर एम.सीएच.ची तीन वर्षं, जेनेटिक्स कुठे शिकायचं, परदेशी जावं का. ते तुझे सीनियर माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी एवढंच म्हणते की आधी पेशंटच्या घराण्याचा, कुणाला कुठला आजार झाला त्याचा तक्ता काढायला शीक.

पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, समोरच्या पेशंटकडे बाण. काढायला पाच मिनिटांत येतो, भरायला पाऊण तास लागतो. "घरात कुणाला कॅन्सर?" असं विचारलंस की "छे, कुणालाच नाही." मग विचारायचं, आजी कशाने गेली? "पोटात पाणी झालं होतं." कितव्या वर्षी? "पंचेचाळीशीची असेल." ते पाणी अंडाशयाच्या कॅन्सरचं असू शकतं. आणि कुठली आजी, हेही विचार. बायकांचा आजार म्हणजे आईकडचा, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की डॉक्टरसुद्धा आत्याची चौकशी करत नाहीत. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. प्रत्येक मुलामुलीला 50 टक्के शक्यता. त्यात आत्या लग्न होऊन गेलेली, आडनाव बदललेलं, जमिनीवरून बोलणं तुटलेलं. तिचं ऑपरेशन झालं होतं हे भावाच्या घरी कुणाला माहीतच नसतं.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली बीआरसीए-1 हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं, तेही अशाच तक्त्यांच्या जोरावर. ज्या घरांत तरुण वयात स्तनाचा कॅन्सर होत होता, ती घरं त्यांनी तपासली. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं 1994 मध्ये.

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये पाच ते दहा जणींचाच आजार असा वारशाने आलेला असतो. म्हणून सरसकट सगळ्यांच्या टेस्ट करत सुटू नकोस. शक्य असेल तिथे आधी जिला आजार झालाय तिचं रक्त पाठव, मग तिच्या बहिणींचं. उलटं केलंस तर घरात दोष आहे का हेच ठाऊक नसतं, आणि निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थच लावता येत नाही.

रिपोर्टवरून आठवलं. सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या रिपोर्टमध्ये असा बदल आला, ज्याचा अर्थ तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. "काहीतरी सापडलंय, पण नक्की सांगता येत नाही," असं मी घाईत म्हणून गेले. बाहेर दहा पेशंट खोळंबले होते. बाईंनी फक्त "सापडलंय" ऐकलं. दोन महिन्यांनी त्या दुसरी छाती काढून टाकायची म्हणून हट्टाला पेटल्या, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तो बदल पुढे निरुपद्रवी ठरला. तेव्हापासून असा रिपोर्ट मी दिवसाच्या शेवटी, निवांत देते, आणि समजलेलं त्यांच्याच तोंडून परत वदवून घेते.

सासू खोलीत असेल तर तिला चहाला पाठव. "मुलीचं लग्न ठरायचंय, कागदावर काही लिहू नका" हे तुला दर आठवड्याला ऐकावं लागेल. रागावू नकोस, त्या आईला तिचा समाज तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्या मुलीशी एकटीशी बोलल्याशिवाय फाइल मिटू नकोस. बीआरसीए-1 असेल तर मुलंबाळं झाल्यावर, 35 ते 40च्या दरम्यान अंडाशय काढून टाकण्याचा विचार करावा लागतो. हे तिला पंचविशीत कळलं तर तिच्या हातात वेळ असतो.

आणि कोपऱ्यात बसलेल्या वडिलांकडे बघ. तक्ता पुरा झाला की ते हळूच विचारतात, "म्हणजे माझ्याकडून गेलं का?" "हो" म्हणायचं, आणि लगेच पुढचं वाक्य बोलायचं नाही. थांबायचं जरा.

पुढच्या गुरुवारी ओपीडीला येऊन बस. पेन नको, पेन्सिल आण. आत्या नेहमी शेवटी आठवते.

तुझी,
मॅडम